अठरा घरं म्हणजे अख्खं गाव नव्हे

“आमच्या दारात कुणी आलंच नाही, मग आमची कमाई कळली कुठून?” सर्वेक्षणाचे आकडे आले की गावात हा प्रश्न निघतोच. त्यामागची समजूत अशी, की लोक जितके जास्त तितकी जास्त घरं तपासायला हवीत. तसं नसतं. चिठ्ठ्या टाकून निवडलेली 400 घरं एखाद्या तालुक्यातल्या कर्जदार घरांचं प्रमाण 100 पैकी 95 वेळा साधारण 5 अंकांच्या फरकाने सांगतात. अख्ख्या राज्यातून तशीच निवडली, तरी फरक तेवढाच.

उलट बाजूची समजूत जास्त घातक: गावातली थोडी घरं पाहिली, की गाव कळलं. 2022-23 च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत देशभरातली 2,61,746 कुटुंबं होती, पण निवडलेल्या एकेका गावातली साधारण अठराच. ती राज्याचं चित्र काढायला निवडलेली. त्यांच्यावरून त्याच गावाचं असं एखादं प्रमाण काढलं, तर फरक 20 अंकांच्याही पुढे जाऊ शकतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकसारखा शिजतो. गाव तसं नसतं. म्हणून आधी घरांची यादी करून, जमिनीसारख्या निकषांवर गट पाडून मग घरं निवडतात. तरीही ऊसतोडीला गेलेल्या घराला कुलूप असतं. त्याच्याऐवजी शेजारचं घर घेतलं, की स्थलांतरित मजूर आकड्यातून नाहीसा होतो. घरांची संख्या कितीही वाढवा, ही चूक भरून निघत नाही. मला सगळ्यात जास्त सलते ती हीच.

शेतकरी कुटुंब पिकावर जगतं, हेही अर्धंच खरं. 2018-19 च्या पाहणीत अशा कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे 4,063 रुपये, तर पिकाचे 3,798. शिवाय सरासरीही फसवी असू शकते: नऊ घरांना आठ-आठ हजार आणि दहाव्याला 1,08,000 मिळाले, तर सरासरी 18,000 येते. तेवढी कमाई तर एकाही घराची नाही.

मग गावपातळीचे आकडे येतात कुठून? जनगणनेतली घरं, शिक्षण, सिंचन यांची माहिती पाहणीशी जोडून. अमेरिकेत हजाराहून कमी वस्तीच्या ठिकाणांचं उत्पन्न काढण्यासाठी फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये अशी पद्धत मांडली. पाहणीतली घरं जितकी कमी, तितका अंदाज इतर सारख्या गावांकडे झुकतो. त्यामुळे ज्या गावाने आपल्या हिकमतीने दूधधंदा उभा केला, पण जनगणनेच्या रकान्यांत जे चारचौघांसारखंच दिसतं, ते या हिशेबात आहे त्यापेक्षा गरीब ठरतं.