समुद्रशैवाल आणि पाण्यातील जड धातू

लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडणारे समुद्रशैवाल कोकणच्या शेतकऱ्यास नवे नाही. त्यातील सरगॅसम हे तपकिरी शैवाल रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळते. शैवालाचा खत म्हणून उपयोग होतो, हेही आपण जाणतो. परंतु त्याच्या अंगी आणखी एक गुण आहे. तो जाणून घेतल्यास लाभ आहे. दुर्लक्षिल्यास हानी आहे.

धातूंवर मुलामा देणाऱ्या व बॅटऱ्या बनविणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध न करता सोडल्यास शिसे, कॅडमियम, तांबे यांसारखे जड धातू ओढ्यानाल्यांत उतरतात. पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाहीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. इतके अल्प प्रमाण डोळ्यांस वा जिभेस कळत नाही.

तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तीत अल्जिनिक आम्ल असते व त्यास कॅल्शियम चिकटलेले असते. दूषित पाणी वाळलेल्या शैवालातून जाऊ दिल्यास कॅल्शियम सुटते आणि त्याची जागा शिसे वा कॅडमियम घेते. याकरिता शैवाल जिवंत असावे लागत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात वोलेस्की व सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका तपकिरी शैवालाने दर ग्रॅममागे १०० मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम धरून ठेवले. पुढे सौम्य आम्लाने धुतल्यास धातू सुटा होतो व शैवाल पुन्हा वापरता येते.

तथापि हे काम कारखान्याच्या शुद्धीकरण टाकीतील व तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे आहे. घरच्या माठात शैवाल टाकून पाणी पिण्यायोग्य होते, असा समज कोणीही करून घेऊ नये.

शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. समुद्रातील जिवंत शैवालही धातू धरून ठेवते. म्हणून कारखान्यांचे सांडपाणी मिळणाऱ्या खाडीतील शैवाल खतासाठी वा गुरांच्या खाद्यासाठी आणू नये.

२. पाणी शुद्ध करण्यास वापरलेले शैवाल कंपोस्ट खड्ड्यात कदापि टाकू नये. पाण्यातून काढलेला धातू त्यायोगे जमिनीत जाईल, आणि जमिनीतून तो काढणे फार कठीण आहे.

३. ओलिताच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू व क्षार पाहतात. विहीर कारखान्यांच्या परिसरात असल्यास जड धातूंची तपासणी स्वतंत्रपणे मागून घ्यावी.

शैवाल धातू नष्ट करीत नाही, केवळ धरून ठेवते. धरलेला धातू शेवटी कोठे जातो, याची काळजी आपणच घेतली पाहिजे.