चित्रपट व माध्यमविषयक पदव्युत्तर शिक्षण : अभ्यासक्रमाची निवड आणि प्रवेशाची पूर्वतयारी

प्रस्तावना

चित्रपट ही एकाच वेळी कला आहे, उद्योग आहे आणि समाजाचा दस्तऐवजही आहे. त्यामुळे चित्रपटाचे उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न संस्थेचा नसून हेतूचा असतो. चित्रपट करावयाचा, चित्रपटाचा अभ्यास करावयाचा, की माध्यमक्षेत्रात नोकरी मिळवावयाची? या तीन हेतूंना तीन वेगळ्या वाटा आहेत. परंतु आपल्याकडील पदवीधर विद्यार्थी बहुधा 'पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट' हे एकच नाव मनात धरून बसतो आणि तेथे प्रवेश न मिळाल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी जे काही 'मास कॉम' उपलब्ध असेल तेथे नाव नोंदवितो. 'मास कॉम' हा शब्द मराठी मुलखात इतका सैल वापरला जातो की त्यात वृत्तपत्रविद्या, जाहिरात, जनसंपर्क, दूरचित्रवाणी निर्मिती आणि चित्रपट समीक्षा हे सारेच सामावून जाते. मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकालाही या वाटांचा भेद ठाऊक नसल्यास विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे आणि त्याच्या कुटुंबाचे लाखो रुपये चुकीच्या ठिकाणी खर्च होतात. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

निर्मितीप्रधान संस्था

एस. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली चित्रपट शिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली. तदनुसार १९६० साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर ही संस्था उभी राहिली. दूरचित्रवाणी विभाग जोडला गेल्यावर १९७४ पासून ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. कोलकात्याची सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९९५ सालची. दोन्ही संस्थांत दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी अशा शाखांनुसार प्रवेश दिला जातो. एका शाखेत जागा साधारणतः दहा-बाराच असतात. म्हणजेच 'चित्रपट शिकायचा आहे' एवढ्या भांडवलावर येथे अर्ज करता येत नाही. कोणत्या शाखेसाठी आणि का, याचे उत्तर अर्जापूर्वीच निश्चित असावे लागते. दिग्दर्शनाकडे सर्वांचा ओढा असतो. ध्वनी वा संकलन या शाखांचा विचार विद्यार्थी फारसा करीत नाहीत, कारण ही कामे म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. भौतिकशास्त्राच्या पदवीधराला ध्वनिमुद्रणाची शाखा सुचविणारा प्राध्यापक विरळाच.

निवडीचे टप्पे लेखी परीक्षा, प्रत्यक्ष कृतींवर आधारित चाचणी आणि मुलाखत असे असतात. २०१८ साली दोन्ही संस्थांसाठी संयुक्त परीक्षा सुरू झाली होती. मात्र परीक्षेचे स्वरूप पुढे बदलत गेले असल्याने दरवर्षीची अधिसूचना मुळातून वाचणे आवश्यक ठरते. जुन्या प्रश्नपत्रिकांवर विसंबून राहणाऱ्यांची येथे फसगत होते. निर्मितीप्रधान शिक्षण वेळेत संपेलच याचीही शाश्वती नसते. २०१५ साली पुण्यातील विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला, तेव्हा जुन्या तुकड्यांच्या रखडलेल्या अभ्यासक्रमांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला होता. तीन वर्षांचा आर्थिक हिशेब मांडणाऱ्या कुटुंबाने ही शक्यता गृहीत धरावी.

याच गटात अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेतील फिल्म व व्हिडिओ कम्युनिकेशन हा पदव्युत्तर अभ्यासक्रम येतो. त्याची प्रवेशपरीक्षा रचनाविद्येची असल्याने चित्रकलेची जाण व दृश्यविचार यांना तेथे महत्त्व आहे. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातील जनसंवाद संशोधन केंद्र हे १९८२ साली स्थापन झाले. तेथील जनसंवाद विषयाच्या एम.ए.मध्ये माहितीपट निर्मितीवर भर असतो. निर्मिती आणि विद्यापीठीय पदवी या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असणाऱ्यांना तो सोयीचा आहे.

अभ्यासप्रधान विभाग

कॅमेरा हाती न धरता चित्रपटाचा इतिहास, सिद्धान्त व प्रेक्षकवर्ग यांचा अभ्यास करणे ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे, हे आपल्या महाविद्यालयांत अद्याप पुरेसे रुजलेले नाही. जादवपूर विद्यापीठात १९९३ साली चित्रपट अभ्यासाचा विभाग सुरू झाला. तो या प्रकारचा देशातील पहिला विभाग मानला जातो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील कला व सौंदर्यशास्त्र विभागात नाट्य व दृश्यकलांच्या जोडीने चित्रपट अभ्यास शिकविला जातो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील माध्यम व सांस्कृतिक अभ्यासाची एम.ए. सिद्धान्त आणि माहितीपट यांचा मेळ घालते. मराठी, इतिहास वा समाजशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या वाचनशील विद्यार्थ्याला हे विभाग अधिक मानवतात. अशाच विद्यार्थ्याला आपण सवयीने निर्मितीच्या संस्थेकडे पाठवितो, ही खेदाची बाब आहे.

केंद्रीय विद्यापीठांतील प्रवेश २०२२ पासून मोठ्या प्रमाणावर सामायिक परीक्षेद्वारे होऊ लागले. वस्तुनिष्ठ स्वरूपाची ही परीक्षा इंग्रजी व हिंदी माध्यमांतून होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला विषय येत असूनही परिभाषा अडते. 'संकलन' ठाऊक असते, पण 'मोंताज' हा शब्द प्रथमच प्रश्नपत्रिकेत भेटतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून परिभाषेचा परिचय करून देणे हाच यावरील व्यवहार्य उपाय आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. २०२२ साली त्याचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. संग्रहालय आणि इन्स्टिट्यूट यांच्या चित्रपट रसास्वाद वर्गांची परंपरा जुनी असून अर्ज करण्यापूर्वी स्वतःची आवड तपासून पाहण्यासाठी असा अल्पकालीन वर्ग उपयुक्त ठरतो.

पदवी की पदविका?

हा प्रश्न कोरडा वाटला तरी विद्यार्थ्याच्या भवितव्याच्या दृष्टीने सर्वांत कळीचा आहे. पुणे व कोलकाता येथील संस्था दीर्घकाळ पदविकाच देत आल्या. भारतीय विद्यापीठ संघाने त्यांतील काही पदविकांना पदव्युत्तर पदवीशी समकक्षता दिली आणि २०२५ साली दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तथापि खासगी संस्थांच्या पदविकांना असा आधार असेलच असे नाही. सहायक प्राध्यापक पदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना नियमानुसार सवलत) आणि नेट, सेट अथवा पीएच.डी. अशी पात्रता लागते. नेटच्या विषयांच्या यादीत 'चित्रपट अभ्यास' हा स्वतंत्र विषय नाही. उमेदवाराला बहुधा 'जनसंवाद व पत्रकारिता' हा विषय घ्यावा लागतो आणि त्याचा अभ्यासक्रम चित्रपटाच्या पलीकडे बराच पसरलेला आहे. शिवाय २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद झाल्यामुळे पदव्युत्तर पदवीनंतर संशोधनाची गोडी चाचपून पाहण्याचा मधला टप्पाही उरला नाही. तेव्हा अध्यापनाकडे वळू पाहणाऱ्याने प्रवेशापूर्वीच प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव छापले जाणार, हे विचारून घ्यावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

परदेशातील अभ्यासक्रम

अमेरिकेत निर्मितीसाठी मास्टर ऑफ फाइन आर्ट्स ही अंतिम मानली जाणारी पदवी असून तिला बहुधा दोन ते तीन वर्षे लागतात. ब्रिटनमधील एम.ए. सामान्यतः एका वर्षात पूर्ण होते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट घालतात, त्यामुळे तीन वर्षांची भारतीय पदवी स्वीकारली जाते की नाही हे प्रत्येक विद्यापीठाकडून लेखी जाणून घ्यावे लागते. सर्वांत महत्त्वाचा फरक पैशाचा आहे. तेथील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास सहसा विद्यावेतन मिळते. निर्मितीच्या पदवीचा भार मात्र बहुतांशी विद्यार्थ्यावरच पडतो, आणि त्यात स्वतःच्या लघुपटाचा खर्च वेगळा असतो. लिस्बन, बुडापेस्ट व ब्रुसेल्स येथील संस्थांनी मिळून चालविलेला 'डॉकनोमॅड्स' हा माहितीपटाचा अभ्यासक्रम युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीमुळे लक्षात घेण्याजोगा आहे. १८९२ साली स्थापन झालेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा निधी कर्जरूपाने साहाय्य करतो. ती परतफेडीची रक्कम आहे, हे पालकांना आधीच समजावून सांगितलेले बरे.

केंद्र शासनाच्या अनुसूचित जाती आदी घटकांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. मराठी चित्रपटातील जातिवास्तवावर परदेशी विद्यापीठात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग त्यामुळे अडतो. ज्या घटकांसाठी योजना आहे त्यांच्याच अनुभवविश्वाचा अभ्यास तिच्या बाहेर राहावा, हे विसंगत आहे. विषय ठरविण्यापूर्वी त्या वर्षीच्या अटी पाहणे क्रमप्राप्त आहे.

अर्ज, नमुनाकृती आणि शिफारसपत्र

हेतुनिवेदनात 'लहानपणापासून चित्रपटाची आवड' हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असते आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी एखाद्या चित्रपटातील एका प्रसंगाची रचना विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत उलगडावी. आपल्या गावातील कोणती गोष्ट, कोणत्या कारणाने, अद्याप पडद्यावर आली नाही हे लिहावे. नमुनाकृती भ्रमणध्वनीवर चित्रित केलेली असली तरी हरकत नाही, परंतु ती स्वतःची व पूर्ण असावी.

शिफारसपत्राची जबाबदारी मात्र प्राध्यापकाची आहे. 'प्रामाणिक, कष्टाळू व आज्ञाधारक' ही ठरावीक विशेषणे निवड समितीच्या उपयोगाची नसतात. चित्रपटाच्या क्षेत्रात आज्ञाधारकपणा हा गुण आहे की नाही, हाही प्रश्नच आहे. विद्यार्थ्याने वर्गात मांडलेला एखादा मतभेद, भित्तिपत्रकासाठी केलेले संपादन, एकांकिकेच्या वेळी प्रकाशयोजनेची निभावलेली बाजू असे प्रत्यक्ष तपशील पत्रात आले तर ते वाचले जाते.

नामांकित संस्थेत प्रवेश न मिळणे म्हणजे वाट बंद होणे नव्हे. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर येथील महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला २०१० सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कोर्ट' (२०१४) करणाऱ्या चैतन्य ताम्हाणे यांनी चित्रपटाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. दुसरीकडे पायल कपाडिया या पुण्याच्या संस्थेच्या विद्यार्थिनी, ज्यांच्या चित्रपटाला २०२४ साली कान येथे ग्राँ प्री मिळाला. जिल्ह्याच्या महाविद्यालयात चालणाऱ्या एखाद्या लहान अभ्यासक्रमाची चौकशी करताना म्हणूनच इमारत व माहितीपत्रक पाहण्यापेक्षा तेथील मागील दोन तुकड्यांनी पूर्ण केलेल्या कृती मागवून पाहाव्यात. त्या दाखविण्यास संस्था टाळाटाळ करीत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने दुसरा अर्ज तयार ठेवावा.