पूड टाकली, पण जंतू मेले का?

पावसाळा सुरू झाला की गावोगावच्या विहिरींत आणि टाक्यांत विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली जाते. ग्रामपंचायतीत तिला टी.सी.एल. म्हणतात. पूड टाकली की पाणी निर्धोक झाले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जंतुनाशक टाकणे आणि जंतू मरणे यांच्यामध्ये तीन अटी उभ्या असतात : मात्रा, वेळ आणि स्वच्छता. या अटी का आहेत, ते पाहू.

या पुडीचा महिमा ठळकपणे दिसला तो व्हिएन्नात. तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या एका प्रसूतिविभागात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातील अठरा बाळंतिणी दगावल्या. या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. हातांना प्रेताचा वास राहतो, म्हणजे काहीतरी चिकटून राहते, असे इग्नाझ सेमेलवाइस यांनी ताडले. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले; पुढे त्यासाठी हीच स्वस्त पूड वापरली. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आले. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते!

पेशीत काय घडते?

पूड पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याचा रेणू लहान व विद्युतभाररहित असतो. तो जीवाणूच्या आवरणातून आत शिरतो आणि विकरांचे ऑक्सिडीकरण करतो. विकरे निकामी झाली की पेशीचे ऊर्जा मिळवण्याचे काम थांबते. पाणी अल्कधर्मी असेल तर मात्र याच आम्लापासून ऋणभारित हायपोक्लोराइट आयन बनतात. जीवाणूच्या पृष्ठभागावरही ऋणभार असल्याने हे आयन दूर लोटले जातात व फारच दुबळे ठरतात. म्हणूनच पाण्याचा सामू आठच्या खाली असलेला बरा.

वेळ आणि मात्रा

सगळे जंतू एका क्षणी मरत नाहीत. समजा, दर मिनिटाला नव्वद टक्के जंतू मरतात. दहा लाखांचे एका मिनिटात एक लाख उरतील, दोन मिनिटांत दहा हजार, आणि एकावर यायला सहा मिनिटे लागतील. म्हणूनच पाणी क्लोरीन टाकल्यावर निदान अर्धा तास राहू द्यायचे असते. त्यानंतरही लिटरमागे सुमारे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. पूड टाकून लगेच घागर भरली, तर दोष पुडीचा नव्हे.

मात्रेचे गणित वर्गात घालता येईल. ताज्या पुडीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला १००० लिटरमागे साधारण २.५ ग्रॅम पूड धरतात. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर पाणी सुमारे ३७,७०० लिटर भरते आणि पूड सुमारे ९४ ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ तेवढी विहिरीत सोडायची. मात्र तोंड उघड्या पोत्यातील पुडीचा क्लोरीन उडत जातो. तो निम्मा उरला असेल, तर तेवढ्याच वजनात निम्मेच काम होईल.

आधी स्वच्छता

क्लोरीनला जंतू आणि पालापाचोळा यांतला भेद कळत नाही. गढूळ पाण्यातील सेंद्रिय द्रव्यावरच तो खर्च होतो. जखमेचेही तसेच आहे : माती व पू तशीच ठेवून वर औषध लावले तर त्याचा बराचसा भाग वाया जातो. म्हणून जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवायची.

जखमेवरच्या औषधाला, म्हणजे अँटिसेप्टिकला, आणखी एक पथ्य असते. जंतूला मारताना आपल्या पेशी वाचल्या पाहिजेत. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीतील कार्बॉलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, कातडीही पोळत असे. अल्कोहोल जंतूंच्या प्रथिनांची घडी विस्कटते, पण त्यासाठी पाणी लागते. त्यामुळे शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचे द्रावण अधिक परिणामकारक ठरते. काही जीवाणूंचे बीजाणू त्यालाही दाद देत नाहीत. अमिबाचे जाड आवरणाचे कोष नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला पुरून उरतात. शंका असेल तेव्हा पाणी उकळणेच खरे.

करून पाहा

पुडीच्या निवळीचे सारखे थेंब दोन पेल्यांत घ्या. एका पेल्यात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात पालापाचोळा भिजवून गाळलेले पाणी असू द्या. अर्ध्या तासाने दोन्हींत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण व भाताची पेज थोडी थोडी घाला. क्लोरीन उरला असेल तर आयोडीन सुटून निळा रंग येतो. दुसऱ्या पेल्यात तो फिकट येईल किंवा येणारच नाही. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, हवेशीर जागी करावा. पेल्यातील पाणी पिऊ नये आणि पुडीत आम्ल मुळीच मिसळू नये, कारण विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मग विद्यार्थ्यांना शाळेच्या टाकीकडे न्या. ती शेवटची कधी घासली, पूड केव्हा टाकली आणि नळ किती वेळाने सोडला, एवढे तीन प्रश्न त्यांना विचारू द्या.