मज्जारज्जूची दुखापत : अनुभवी डॉक्टर आणि साधनांचे जाणकार विक्रेते कसे शोधावेत

आमच्या समाजसेवा विभागात येणाऱ्या कुटुंबांचा एक प्रश्न वर्षानुवर्षे तोच आहे. रुग्णाच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले असते, टाके निघालेले असतात, घरी सोडल्याचा कागद हातात पडलेला असतो आणि रुग्णाचे वडील किंवा भाऊ विचारतात, "आता पुढे कोणाला दाखवायचे?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "खुर्ची कुठून घ्यायची?" ही उत्तरे आजवर आम्ही तोंडीच देत आलो. यंदाच्या अहवालात ती थोड्या विस्ताराने मांडत आहोत. देणगीदार आणि विश्वस्त यांनीही हे टिपण वाचावे अशी विनंती आहे, कारण आपण प्रेमाने दिलेल्या साधनांचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली जाणारी मज्जातंतूंची जाड दोरी. आंब्यावरून किंवा माडावरून पडणे, विहिरीत कोसळणे, दुचाकीचा अपघात, बांधकामावरील परांचीवरून तोल जाणे ही आपल्याकडील दुखापतीची नेहमीची कारणे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोगही काही जणांना याच अवस्थेत आणून सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांच्या मज्जारज्जूला दुखापत होते. मोडलेला मणका सळ्या-स्क्रू घालून सांधता येतो. मज्जारज्जूला झालेली इजा मात्र आजच्या वैद्यकाला सांधता येत नाही. इजेच्या खालच्या भागाची हालचाल आणि संवेदना जाते, एवढे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी, की मूत्राशय, आतडी, त्वचा आणि रक्तदाब यांच्यावरचे नियंत्रणही बिघडते. रुग्णाचे आयुष्य किती आणि कसे जाईल हे पुढे या न दिसणाऱ्या गोष्टींवरच ठरते.

याला इतिहासाचा पुरावा आहे. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक पुढे शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावले. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि हे चित्र पालटू लागले. त्यांच्याजवळ कोणतेही जादूचे औषध नव्हते. दर दोन तासांनी, रात्रीही, रुग्णाची कूस बदलायची, लघवीची काळजी शिस्तीने घ्यायची आणि रुग्णाला लवकरात लवकर उठवून कामाला लावायचे, एवढ्यावर त्यांचा भर होता. तेव्हा 'अनुभवी डॉक्टर' म्हणताना ऑपरेशन करणारा हात आमच्या मनात नसतो. तसे कुशल हात आज मुंबई, पुणे, नागपूर येथे पुष्कळ आहेत. ऑपरेशननंतरच्या वीस-तीस वर्षांची ज्याला माहिती आहे, असा डॉक्टर आम्हाला अभिप्रेत आहे, आणि त्याचा शोध कठीण आहे.

वैद्यकात यासाठी वेगळी शाखा आहे. तिला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे पुनर्वसन वैद्यक, असे म्हणतात. पुष्कळ नातेवाईक, आणि क्वचित डॉक्टरही, या शाखेच्या तज्ज्ञाला फिजिओथेरपिस्ट समजतात. फिजिओथेरपिस्टचे काम मोलाचे आहेच. परंतु पुनर्वसनतज्ज्ञ हा एम. डी. झालेला डॉक्टर असतो आणि मूत्राशय, त्वचा, स्नायूंचा ताठरपणा, खुर्ची, घरी परतणे या सर्वांचा तो एकत्र विचार करतो. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरची उभारणी मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया यांनी केली. १९६५ मध्ये एव्हरेस्ट सर करून आलेल्या या अधिकाऱ्याला त्याच वर्षीच्या युद्धात कण्याला गोळी लागली होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मेरी व्हर्गीस यांना १९५४ च्या मोटार अपघातात कायमचे पांगळेपण आले. त्यांनी खुर्चीत बसून शस्त्रक्रिया केल्या, पुनर्वसनाचे शिक्षण घेतले आणि तेथे १९६६ मध्ये सुरू झालेल्या पुनर्वसन संस्थेचा पाया घातला. या देशातील असे बरेचसे काम ज्यांच्यावर प्रसंग ओढवला त्यांनीच उभे केले आहे, हे सहज लक्षात यावे.

प्रत्येक कुटुंबाला मुंबई किंवा वेल्लोर गाठणे शक्य नसते. एकदा मोठ्या केंद्रात राहून शिक्षण घ्यावे आणि नंतरची देखरेख जिल्ह्याच्या गावातील डॉक्टरांकडे ठेवावी, हा व्यवहार्य मार्ग होय. मग त्या डॉक्टरांची पारख कशी करावी? पाटीवरील पदव्यांवरून ती होत नाही. आमच्या मते काही साधे प्रश्न नम्रपणे विचारावेत आणि उत्तर कसे येते ते पाहावे.

पहिला प्रश्न लघवीचा. कायमची नळी घालून रुग्णाला घरी पाठवले असेल, तर "ही नळी किती दिवस ठेवायची आणि पुढे काय?" असे विचारावे. जाणकार डॉक्टर दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याच्या पद्धतीबद्दल बोलतील. ही पद्धत १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडस यांनी मांडली. नळी पूर्ण निर्जंतुक नसली, केवळ स्वच्छ असली तरी चालते, मात्र मूत्राशय तुडुंब भरू देता कामा नये, हे त्यांचे म्हणणे पुढे जगभर मान्य झाले. हाताची बोटे चालणारा रुग्ण ही कृती स्वतः करू शकतो. सर्वांना ती जमेल असे नाही. काहींना कायमची नळीच ठेवावी लागते. परंतु डॉक्टरांनी हा विषयच काढला नाही, मूत्राशयातील दाब मोजणाऱ्या युरोडायनॅमिक तपासणीचे आणि वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी करण्याचे नावही घेतले नाही, तर दुसरे मत अवश्य घ्यावे. मूत्राशयात दाब साचला की मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. संवेदना नसल्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा प्रश्न मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातील इजेसाठी आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. सहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या रुग्णाचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम सुटला आणि रक्तदाब चढला, तर त्या अवस्थेला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. कारण बहुधा क्षुल्लक असते : नळीला पीळ पडलेला असतो, मूत्राशय तुंबलेले असते, शौचाचा खडा अडकलेला असतो. अशा वेळी रुग्णाला आडवे न ठेवता ताठ बसवावे, कपडे व पट्टे सैल करावेत, नळी तपासावी, कारण दूर करावे. आणि एवढ्याने उतार पडत नसेल तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा रक्तदाब नव्वद ते एकशे दहा असू शकतो. त्यामुळे एकशे चाळीस हा आकडा अनोळखी डॉक्टरांना किरकोळ वाटतो, पण या रुग्णासाठी तो धोक्याची घंटा असतो. ही माहिती एका कागदावर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवावी, असे आम्ही घरी सोडताना सांगतो. रात्री-अपरात्री तालुक्याच्या गावी तोच कागद उपयोगी पडतो.

आणखी एक खूण सांगतो. वैवाहिक जीवन आणि अपत्यप्राप्ती हा विषय जे डॉक्टर रुग्णाने न विचारता स्वतःहून काढतात, त्यांनी असे रुग्ण पुष्कळ पाहिलेले असतात. आपल्याकडे हा प्रश्न रुग्ण सहसा विचारत नाही आणि नातेवाईक तर मुळीच नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. मज्जारज्जू 'पुन्हा जोडून' देण्याचे आश्वासन देणाऱ्या मूलपेशी उपचारांच्या जाहिराती अशा कुटुंबांच्या हाती हमखास पडतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या मान्य कारणांखेरीज मूलपेशींचा वापर नियंत्रित वैद्यकीय चाचणीपुरता मर्यादित ठेवला आहे, आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. तेव्हा कोणी या उपचाराचे लाखांतले अंदाजपत्रक हाती ठेवले, तर शेत विकण्यापूर्वी आमच्याकडे किंवा कोणत्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात येऊन विचारावे.

आता साधनांकडे वळू. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटपासून जिल्ह्याच्या गावातील सर्जिकलच्या दुकानापर्यंत चाकाची खुर्ची सर्वत्र मिळते. ती बहुधा रुग्णालयातील घडीची खुर्ची असते : एकाच मापाची, पोलादी, साधारण अठरा-वीस किलो वजनाची, रेक्झिनच्या झोळीसारख्या बैठकीची. रुग्णाला वॉर्डातून क्ष-किरण विभागात नेण्यासाठी ती ठीक आहे. दिवसाचे दहा तास तिच्यात बसणाऱ्या आणि पार्श्वभागाला संवेदना नसलेल्या माणसासाठी ती घातक ठरते. बैठक रुंद असली की माणूस एका बाजूला कलतो आणि कणा वाकडा होतो. पायटे उंच असले की मांड्या उचलल्या जाऊन सारा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो आणि काही तासांत तेथील त्वचा काळीनिळी पडते. हात काढता येत नसतील तर पलंगावरून खुर्चीत सरकता येत नाही, दरवेळी कोणीतरी उचलावे लागते.

म्हणून विक्रेत्याची पारख एका गोष्टीवरून करावी : किंमत सांगण्यापूर्वी तो टेप काढतो का? नितंबांची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतर यांची मापे घेणारा, आणि इजा कोणत्या पातळीवर आहे, घरात उंबरे किती, संडासाचे दार किती रुंद, अंगणात माती आहे की फरशी असे विचारणारा विक्रेता जाणकार समजावा. पुढचे चाक, बेअरिंग, ब्रेक यांचे सुटे भाग त्याच्याकडे मिळतात का आणि गावातील सायकलवाल्याला ही खुर्ची दुरुस्त करता येईल का, हेही विचारून घ्यावे. परदेशी बनावटीची देखणी खुर्ची एका चाकावाचून माळ्यावर पडून राहिलेली आम्ही पाहिली आहे.

खुर्चीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्वाची आहे ती उशी. हवेच्या कप्प्यांची, जेलची, चांगल्या फोमची कापून केलेली असे तिचे अनेक प्रकार आहेत आणि किमतीत मोठी तफावत आहे. महागडी उशीही हवा कमी-जास्त झाली की निरुपयोगी ठरते. घरी करता येण्याजोगी परीक्षा अशी : रुग्णाला खुर्चीत बसवावे आणि उशी व शरीर यांच्यामध्ये, बैठकीच्या हाडाखाली, आपली बोटे सरकवावीत. बोटांची टोके थोडी हलवता आली तर ठीक. ती चेमटली जात असतील तर त्या उशीवर रुग्णाला बसवू नये. चांगली उशी असली तरी दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार हलका करावाच लागतो. हवेच्या गादीबाबतही हेच. वीज गेली की पंप थांबतो, गादी बसते आणि रुग्ण नुसत्या फळीवर पडून राहतो. ज्या गावात वीज वरचेवर जाते तेथे गादीवर विसंबून रात्रीची कूस बदलणे सोडले, तर आठवड्याभरात जखम होते आणि ती भरून यायला कित्येक महिने जातात.

देणगीदारांना एक नम्र निवेदन. चाकाच्या खुर्च्या वाटपाचे कार्यक्रम सद्भावनेने होतात आणि त्या भावनेबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु एका मापाच्या पंचवीस खुर्च्यांऐवजी त्याच रकमेत मापाच्या मोजक्या खुर्च्या, त्यांच्या उशा, आणि माप घेण्यासाठी व महिन्याभराने पुन्हा पाहण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टचे मानधन दिले, तर रुग्णांना त्याचा उपयोग निश्चित अधिक होईल. छायाचित्रात खुर्च्या कमी दिसतील, हे खरे.

खर्चाच्या बाबतीत नातेवाईकांनी काही मार्ग ध्यानात ठेवावेत. केंद्र सरकारची सहायक साधनांची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची साधने शिबिरांतून त्या योजनेखाली मिळतात. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र लवकर काढून घ्यावे. मज्जारज्जूची इजा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चलनवलनविषयक दिव्यांगत्वात मोडते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. शय्याव्रणाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा मूत्रमार्गाच्या उपचारांसाठी पुन्हा दाखल व्हावे लागले, तर त्याची मागणी संकोच न करता करावी.

एवढे सांगूनही सर्वांत खात्रीची माहिती ना आमच्याकडे असते ना दुकानात. दहा-पंधरा वर्षे खुर्चीत काढूनही ज्याची त्वचा शाबूत आणि मूत्रपिंडे धड आहेत, अशा माणसाला गाठावे आणि तो कोणाकडे जातो, काय वापरतो, हे विचारावे. मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या नीना फाउंडेशनसारख्या संस्थांतून अशी माणसे भेटतात. डॉ. मेहता यांना स्वतःला १९९५ मध्ये पॅराग्लायडिंग करताना ही इजा झाली होती.

आमच्या समाजसेवा विभागातही यासाठी एक वही ठेवलेली आहे. जुन्या रुग्णांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितलेली डॉक्टर, थेरपिस्ट, विक्रेते आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांची नावे जिल्हावार तिच्यात लिहिली जातात. रुग्णाच्या सांगण्याखेरीज कोणाचे नाव घातले जात नाही, विक्रेत्याच्या विनंतीवरून तर नाहीच. ओ.पी.डी.च्या वेळेत कोणालाही ती पाहता येते. मुंबई-पुण्याची पाने भरली आहेत. सिंधुदुर्ग, हिंगोली, नंदुरबार आणि गडचिरोली यांची पाने जवळजवळ कोरी आहेत. त्या भागांतील वाचकांना कोणी अनुभवी डॉक्टर, किंवा चाकाच्या खुर्चीचे बेअरिंग नीट बसवून देणारा एखादा कारागीर ठाऊक असल्यास, त्यांनी पोस्टकार्डाने का होईना, पण अवश्य कळवावे.