लुकलुकणारी बैलगाडी

संगणकावर खेळ तयार करायला नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांना एक दुखणं हमखास गाठतं. चित्र हलतं, पण लुकलुकत हलतं. वारणानगरला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाचीने प्रकल्पासाठी असाच एक खेळ केला. उसाने भरलेली बैलगाडी, वाटेत खड्डे, शेवटी कारखान्याचं गेट. खेळ झकास, पण गाडी निघाली की बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी उघडझाप सुरू. "मामू, लॅपटॉपच जुना झालाय," ती म्हणाली. घरात नव्या लॅपटॉपसाठी पतसंस्थेचं कर्ज काढायच्या गोष्टी सुरू झाल्या.

या परिसराला संगणक नवा नाही. वारणा खोऱ्यातली ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली इथेच सुरू झाला. पण तेव्हा पडद्यावर दिसायची ती उसाची नोंद. अक्षरं जागच्या जागी. हलत्या चित्राची गोष्ट निराळी. मुळात पडद्यावर काहीच सरकत नसतं. जुनं चित्र पुसायचं, गाडी जराशी पुढे काढायची, पुन्हा पुसायचं, एवढाच उद्योग. नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद.

मी कवितेचा माणूस. तिला प्रोग्रॅमची एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावली. पडदा काळा कर, दाखव. रस्ता काढ, दाखव. गाडी काढ, दाखव. 'दाखव' तीनदा! म्हणजे डोळ्यापुढे आधी काळोख, मग रिकामा रस्ता, मग गाडी. लुकलुक ती हीच. नवा लॅपटॉप आणला असता तरी त्यानेही तो काळोख इमानाने दाखवलाच असता.

उपाय दोन ओळी खोडण्याचा. ती वापरते त्या पायगेम या साधनात पडद्याआड एक कोरं पान आयतं मिळतं. पुसणं, रस्ता, गाडी, सगळं त्या पानावर उरकायचं आणि 'फ्लिप' ही आज्ञा शेवटी एकदाच द्यायची. पूर्ण झालेलं चित्रच तेवढं बाहेर येतं. याला डबल बफरिंग म्हणतात. टर्बो सी शिकलेल्यांना दोन पानांची ही युक्ती आठवत असेल: एक दिसणारं, एक लिहिण्याचं. गंमत म्हणजे तिथल्या सर्वांत बारीक चित्रपद्धतीत एकच पान मिळे, म्हणून दुसऱ्या पानासाठी थोडी सुबकता सोडावी लागे.

लुकलुक थांबली आणि कर्जाचं बोलणंही.

सिनेमाने हेच फार आधी ओळखलं होतं. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तोही देशी बनावटीच्या कॅमेऱ्याने टिपून. त्यांच्या कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. प्रोजेक्टरमध्ये फिल्म पुढे सरकते त्या क्षणी एक झडप प्रकाश अडवते. सरकणारी फिल्म प्रेक्षकाला दिसतच नाही. पण मधला अंधारही डोळ्याला टोचतो, म्हणून सेकंदाला २४ चित्रं असली तरी प्रत्येक चित्रावर प्रकाश दोनदा, कधी तीनदा टाकतात.

दोन गोष्टी आणखी. बैलाचं चित्र दर फेरीला डिस्कवरून नव्याने वाचू नये. सुरुवातीला एकदाच वाचून ठेवावं. आणि फेऱ्यांचा वेग घड्याळाला बांधावा, नाहीतर वेगवान यंत्रावर बैल घोड्यासारखे उधळतात.

एवढं करूनही कधी गाडी मधोमध चिरल्यासारखी दिसते. शिंगं पुढे, पाय मागे. पडदा वरून खाली रंगत असतानाच पान बदललं की असं होतं. त्यासाठी पडद्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगणारी 'व्हीसिंक' नावाची सोय आहे. पायगेमच्या नव्या आवृत्तीत ती मागता येते. द्यायची की नाही हे मात्र यंत्र ठरवतं.