अमोनियाजन्य विषबाधा, जलजीवालयातील माशांची

काचेच्या टाकीत पाळलेल्या माशांना पाण्यात साचलेल्या अमोनियामुळे होणारी विषबाधा. प्रथिनांच्या चयापचयातून (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींतून) निर्माण होणारा बहुतेक टाकाऊ नायट्रोजन मासे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. नदीत वा तलावात तो तत्काळ विरल होतो. टाकीत मात्र साचत जातो. विष्ठा, न खाल्लेले खाद्य व मृत मासे कुजल्याने त्यात भर पडते.

रासायनिक स्वरूप : पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अनायनित (विद्युत् भाररहित) अमोनिया कल्ल्यांच्या पातळ पटलातून सहज आत शिरतो व तोच खरा विषारी होय. अमोनियम आयन त्यामानाने पुष्कळच कमी अपायकारक असतो. या दोहोंचे प्रमाण पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारा अंक) व तापमान यांवर अवलंबून असते. २५° से. तापमानाला एकूण अमोनियापैकी अनायनित भाग पीएच ७ असताना सु. ०.५ टक्का, ८ असताना सु. ५ टक्के व ९ असताना एक-तृतीयांशाहून अधिक असतो. म्हणून एका टाकीत निरुपद्रवी ठरणारे प्रमाण दुसरीत प्राणघातक ठरू शकते. अनायनित अमोनिया लिटरमागे ०.०२ मि.ग्रॅ.पेक्षा कमी असणे सुरक्षित मानतात.

जुन्या टाकीतील गाळणी व वाळू यांवर वाढलेले सूक्ष्मजंतू अमोनियाचे नायट्राइटात व नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. एकदम बरेच मासे सोडणे, अतिरिक्त खाद्य, गाळणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुणे किंवा वीज दीर्घकाळ खंडित होणे, ही विषबाधेची नेहमीची कारणे होत.

लक्षणे : मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, पर मिटून तळाशी पडून राहतात व खाद्य घेत नाहीत. कल्ले लाल वा जांभळट होतात, अंगावर श्लेष्म (बुळबुळीत स्राव) वाढतो. तीव्र विषबाधेत झटके येऊन मृत्यू ओढवतो. ऑक्सिजनाच्या कमतरतेतही मासे धापा टाकतात. त्यामुळे पाण्याची रासायनिक परीक्षा केल्यावाचून निदान निश्चित होत नाही.

उपचार : खाद्य तत्काळ बंद करावे, मृत मासे व गाळ काढावा आणि वायुमिश्रण वाढवावे. टाकीतील व नव्या पाण्याचे पीएच मूल्य व तापमान जवळजवळ सारखे असल्यास एक-तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटाने आधी नाहीसा करावा. योग्य प्रकारचे जिओलाइट खनिज गोड्या पाण्यातील अमोनियम शोषून घेते. मात्र पाण्यात मीठ घातल्यास त्याची ही क्षमता घटते.

जुन्या, दुर्लक्षित टाकीतील पाणी बहुधा अम्लधर्मी झालेले असते व त्यात अमोनियम बराच साचूनही मासे तग धरून असतात. अशा टाकीत एकदम क्षारधर्मी पाणी ओतल्यास अमोनियमाचे अमोनियात रूपांतर होऊन उपचारच घातक ठरतो. तेथे आधी जिओलाइट वापरावे आणि पाणी दहा-दहा टक्के असे टप्प्याटप्प्याने बदलावे.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती : वणी–मुकुटबन भागात चुनखडक, तर जिल्ह्याच्या बऱ्याच भागात बेसाल्ट आहे. अशा खडकांतील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी सामान्यतः कठीण व काहीसे क्षारधर्मी असते. भूजलातील कार्बन डाय-ऑक्साइड उडून गेल्यावर पीएच मूल्य आणखी वाढते. म्हणून पाणी उपसून, एक दिवस हवेशीर ठेवून मगच त्याची परीक्षा करावी. उन्हाळ्यात हवेचे तापमान ४२° से.पलीकडे जाते. पीएच ८ असताना पाणी २०° से.वरून ३०° से.पर्यंत तापल्यास अनायनित अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. याउलट विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे सु. ९ मि.ग्रॅ.वरून सु. ७.५ मि.ग्रॅ.वर येतो. पाणीटंचाईमुळे याच दिवसांत टाकीचे पाणी बदलणे कठीण होते. म्हणून उन्हाळ्यापूर्वीच माशांची संख्या कमी करणे, खाद्य निम्म्यावर आणणे व टाकी सावलीत ठेवणे हे येथे उपचारांपेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

पुनःप्राप्ती : अमोनिया घटल्यावर सौम्य विषबाधा झालेले मासे काही दिवसांत सावरतात, कल्ल्यांना झालेली इजा भरून येण्यास अनेक आठवडे लागू शकतात. या काळात सूक्ष्मजंतुसंसर्गाचा संभव असतो. तथापि प्रतिजैविके अकारण टाकीत घालू नयेत, कारण त्यांमुळे गाळणीतील उपयुक्त सूक्ष्मजंतूही नष्ट होऊ शकतात. त्यानंतर नायट्राइट वाढल्यास रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते व कल्ले तपकिरी होतात. जिओलाइट काढून घेऊन लिटरमागे सु. एक ग्रॅम मीठ घातल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटाच्या शरीरप्रवेशास अटकाव करते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही परीक्षेत शून्यावर येऊन तशीच टिकल्यावर खाद्य हळूहळू पूर्ववत करावे.

[⟶ जलजीवालय, मत्स्य वर्ग].