तिसरा मॉनिटर

सकाळी १०:३०, लॅमिंग्टन रोड

पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. अर्धी शटरं अजून वर जायची आहेत. मला पाच मीटरची एक एचडीएमआय केबल हवी आहे. दुकानदार सोनेरी टोकांची, जाळीदार वेष्टनाची, तिप्पट किमतीची केबल पुढे सरकवतो. सोन्याने चित्र उजळत नाही. लांबी किती आणि केबलमधून किती डेटा जायचा, एवढाच प्रश्न असतो. फोर-के चित्र सेकंदाला २५ फ्रेमनी पाठवायला सुमारे ९ गिगाबिट लागतात, ६० फ्रेमना जवळजवळ १८. आजचं काम २५ चं आहे, त्यामुळे साधी पण जाड तारेची केबल पुरते. ग्रँट रोडहून स्लो लोकल.

११:४५, अंधेरी पश्चिम

एडिट रूम छोटी, एसी कडक. एडिटर ताईंकडे दोन मॉनिटर आधीच आहेत, एकावर टाइमलाइन, दुसऱ्यावर बिन आणि स्कोप. आता भिंतीवर ५५ इंची ओएलईडी टीव्ही टांगलाय, तो जोडायला मला बोलावलंय. काम माहितीपटाचं, संध्याकाळी दिग्दर्शक रंगकाम बघायला येणार.

असिस्टंट पोरगा उत्साही. "दादा, ग्राफिक्स कार्डाला एक डिस्प्लेपोर्ट रिकामाय. कन्व्हर्टर लावायचा, विंडोज आणि पी दाबायचं, एक्स्टेंड. झालं की!"

लावून दाखवतो. दोन मिनिटांत चित्र येतं. लग्नाचे व्हिडिओ किंवा यूट्यूबचं काम असतं तर मी इथेच चहा पिऊन निघालो असतो. विनाकारण वेगळं आउटपुट कार्ड गळ्यात मारणारे बरेच आहेत. पण ताईंना कॅमेरा बोटीवरून किनारा टिपत सरकतो तो शॉट लावायला सांगितला. किनारा हलके हलके झटके खातो. संगणक टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र देतो आणि फिल्म २५ ची. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. हा शॉट बघून दिग्दर्शक कॅमेरामनला बोल लावेल.

रीफ्रेश रेट ५० करून हे निभावता येतं. खरी मेख रंगात आहे. डेस्कटॉपचा भाग झालेल्या स्क्रीनवरचं चित्र विंडोज, ग्राफिक्स ड्रायव्हर आणि कलर प्रोफाइल यांच्या हातांतून जातं, आणि प्रत्येक जण आपापली फोडणी घालतो. वेगळ्या आउटपुट कार्डाला हे मधले कुणी लागत नाहीत. एडिटचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह थेट त्या कार्डाला चित्र देतं, कार्ड टीव्हीला. विंडोजला त्या टीव्हीचा पत्ताही नसतो, माउस तिकडे जातच नाही.

"म्हणजे तो तिसरा मॉनिटर नाहीच," ताई म्हणाल्या.

"जागा वाढवायला नाही, ताई. बघायला."

दुपारी १:००

कॅबिनेट उघडलं. कार्ड डेकलिंक मिनी मॉनिटर फोर-के, चार लेनचं, म्हणजे डेटाच्या चार वाटांचं. ते चार किंवा जास्त लेनच्या कुठल्याही स्लॉटमध्ये बसतं, पण ग्राफिक्स कार्डाने तीन स्लॉटची जागा अडवलीय. उरला अगदी खालचा. वीज काढली, अंगातली स्थिर वीज उतरायला कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, कार्ड बसवलं, मशीन चालू केलं. ताईंनी प्रोजेक्ट उघडला आणि अख्ख्या टाइमलाइनवर लाल 'मीडिया ऑफलाइन'.

असिस्टंटचा चेहरा पांढराफटक. फुटेजची एनव्हीएमई ड्राइव्हच गायब.

ड्राइव्ह गेलेली नाही, तिच्या लेन गेल्यात. प्रोसेसर आणि चिपसेटकडे लेन मोजक्या असतात, म्हणून अनेक मदरबोर्डांत शेवटचा स्लॉट आणि ड्राइव्हचा एखादा एम-टू स्लॉट त्याच लेन वाटून घेतात. स्लॉट भरला की एम-टू बंद. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत. ड्राइव्ह काढून वरच्या मोकळ्या एम-टूमध्ये बसवली. फुटेज जागच्या जागी. मशीन बंद असतानाच हे करायचं, आणि बॅकअप आहे ना ते आधी विचारायचं. बॅकअप होता. ताईंनी मात्र एकेक फोल्डर उघडून बघेपर्यंत जेवणाला हात लावला नाही.

३:००

ड्रायव्हर टाकला. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये कार्ड निवडलं, प्रोजेक्टमध्ये मॉनिटरिंग २१६०पी, २५, दहा बिट, लेव्हल 'व्हिडिओ'. चित्र आलं, झटके गेले.

३:३०

आता टीव्ही. केबल लावायला पाच मिनिटं, टीव्हीला शहाणं करायला दोन तास. घरगुती टीव्ही शोरूममध्ये शेजारच्या टीव्हीवर मात करायला सजवून पाठवलेला असतो. आधी 'व्हिव्हिड' काढून फिल्ममेकर मोड. हा मोड यूएचडी अलायन्सने २०१९ मध्ये जाहीर केला तेव्हापासून माझं निम्मं काम वाचलं. मोशन स्मूदिंग, शार्पनिंग, नॉइज रिडक्शन एकदम बंद होतात. तरी वीजबचत आणि खोलीतल्या उजेडानुसार बदलणारी ब्राइटनेस वेगळी शोधून बंद करायची. ओव्हरस्कॅनही बंद आहे ना ते बघायचं, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

मग काळा. व्हिडिओत आठ बिटमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, दहा बिटमध्ये ६४ आणि ९४०. संगणकी चित्र ० ते २५५ पूर्ण वापरतं. पाठवणारा एक मानतो आणि टीव्ही दुसरं, की घोळ. टीव्हीचा ब्लॅक लेव्हल चुकीच्या बाजूला होता. ताईंनी कंदिलाच्या उजेडातल्या म्हातारीचा शॉट लावला तर रात्र राखाडी, धुरकट.

"मी हे असं केलेलं नाही हां!" ताई उसळल्या.

त्यांनी असं केलेलंच नव्हतं. सेटिंग फिरवलं आणि अंधार जागेवर आला, म्हातारीच्या पदराची घडी मात्र त्यात बुडाली नाही. डोळ्यावर न विसंबता कलर बार लावून खालच्या काळ्या पट्ट्याही तपासल्या: काळ्याहून काळी दिसता कामा नये, किंचित उजळ असलेली जेमतेम दिसावी. गॅमा २.४. प्रोबने मोजून पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास आणि उजेड १०० निट्सवर आणला. असिस्टंटला टीव्ही मेल्यासारखा वाटला. खोलीतली पिवळी ट्यूब बंद करून टीव्हीमागे पांढरी पट्टी लावली तेव्हा त्याचं म्हणणं बदललं.

५:४५

ओठ आणि आवाज. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो; आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून आधीच पोचतो. क्लॅपचा शॉट लावून आवाजाला उशीर देत गेलो, टाळी जुळली.

६:३०

दिग्दर्शक आले. सर बोलत नाहीत, नुसते पाहतात. किनाऱ्याच्या शॉटवर काही नाही. कंदिलाच्या शॉटवर थांबवलं. "चेहरा जरा लाल झालाय." ताईंनी लाल उतरवला. मग सरांनी फोन काढून तोच शॉट पाहिला. "यात वेगळा दिसतो." आता फोन, टीव्ही आणि तत्त्वज्ञान अशी चर्चा सुरू होणार, हे ओळखून मी केबलला लेबलं लावायला घेतली.

७:४५

टीव्हीच्या प्रत्येक मेन्यूचा फोटो काढून असिस्टंटला पाठवला आणि बजावलं: टीव्हीला वायफाय द्यायचं नाही. एखादं अपडेट येतं आणि सेटिंगं बदलून जातं, शिवाय रात्री कुणीतरी त्याच्यावर क्रिकेट लावतं. पोराने मान खाली घातली. पासवर्ड त्याने दुपारीच टाकला होता; काढायला लावला.

बिल दिलं. निर्मात्याचा माणूस ओळीवर बोट ठेवून विचारतो, "कार्ड आम्हीच आणलं होतं, केबल लावायचे एवढे पैसे?"

"केबलचे वेगळे लिहिलेत, साहेब. हे टीव्हीचे."